पर्यायी विमानतळ : अकोला

घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी मुंबई, दिल्ली, कोलकाता, झालंच तर काठमांडूलासुद्धा विमानं उतरवली आहेत. काठमांडूच्या डोंगरांमधून जीव मुठीत धरून विमान खाली आणावं आणि चाकं टेकायच्या क्षणी बायकोनं स्वयंपाकघरातून विचारावं, "उतरलं असन तं दळण आणता का?" असा माझा वैमानिकी दर्जा. खऱ्या विमानात पहिल्यांदा बसलो तेव्हा पन्नाशी दिसायला लागली होती आणि पट्टा कसा सोडायचा ते शेजारच्या बाईंनी दाखवलं. त्या प्रवासाचं शेवटी सांगतो. आधी धंदा काय होता ते सांगायला पाहिजे, कारण आमच्या सासरवाडीत अजून समज आहे की जावई विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर आहेत. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

अमरावतीत माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. डॉक्टर, वकील, कृषी केंद्रवाले हे माझं गिऱ्हाईक. त्यातच विमान उडवायच्या गेमचा नाद मला लागला. गेम म्हटलं की मला राग येतो, पण दुसरा शब्द गिऱ्हाइकाला कळत नसे. खऱ्या विमानासारखंच सगळं: पडद्यावर घड्याळं, हातात दांडा, पायाखाली पेडल. हळूहळू माझ्यासारखे आणखी नादखुळे सापडत गेले आणि त्यांच्या घरी जाऊन हे सगळं बसवून देणं, शिकवणं हा माझा जोडधंदा झाला. बैठकीसाठीची लाकडी चौकट अकोल्याचे रफिकभाई करून देत. ते मुळात सोफे करणारे. पहिली चौकट करताना म्हणाले, "भाई, नीचे दो ड्रॉवर दे देता. पायलट लोगां चाबी-बिबी किधर ठेवत असतील?" तेव्हापासून माझ्या प्रत्येक विमानाला ड्रॉवर होते.

लोकांना वाटतं, विमान उडवणं म्हणजे दांडा मागे ओढणं. खरं काम त्याच्या आधी असतं. कुठून निघणार, कुठे जाणार, मधे कोणत्या वाटेनं, वारा कुठून, माणसं किती, सामान किती आणि या सगळ्यावरून तेल किती. हौशी लोकांसाठी हे सगळं मांडून देणाऱ्या साइट इंटरनेटवर होत्या. निघायचं ठिकाण टाका, पोचायचं टाका, विमान निवडा, बटण दाबा. साइट त्या दिवसाचं खरं हवामान ओढून आणायची आणि थेट वैमानिकाच्या हातात असतो तसा आराखडा काढून द्यायची. बिनआराखड्याचं उडणारे आमचे एक डॉक्टर अरबी समुद्रावर तेल संपून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मला फोन करून भांडले. वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याला नागपूरहून ढाक्याला विमानानं माल न्यायचा होता. पडद्यावरच. त्यांनी विचारलं, "या खान्यात माणसं टाकाची का पेट्या?" मी म्हटलं, वजन टाका. त्यांनी अख्ख्या ट्रकचं वजन टाकलं आणि साइटनं लाल अक्षरांत नकार दिला. "म्हणजे ट्रकच बरा," असं म्हणून ते समाधानानं हसले. पुढे पाऊस रुसला, बोअर आटले, वरूडकडच्या बागा उभ्या वाळल्या. एक दिवस त्यांचाच फोन आला, "भाऊ, विमान वापस घेता का?" मी गेलो आणि घेऊन आलो. घासाघीस त्यांनी केली नाही, मीही केली नाही. ड्रॉवर उघडला तर आत वाळलेली संत्र्याची साल होती.

अकोल्याच्या इंगळेसाहेबांचा निरोप त्याच सुमारास आला. हे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. म्हणजे बसस्टँडवर खिडकीच्या आत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती लेट, कोणती रद्द हे ठरवणारा आणि भोंग्यावरून सांगणारा माणूस. सगळं अकोला त्यांना कंट्रोलर म्हणे. बायको वारलेली, एकच मुलगी, संघमित्रा. तिनं विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं. परवाना हातात होता, नोकरी नव्हती. ती शिकत असताना देशात नव्या विमान कंपन्या निघत होत्या. तिचं शिक्षण पुरं व्हायला आणि भरती बंद पडायला एकच गाठ पडली. हाताची सवय मोडू नये म्हणून तिला घरी सराव हवा होता.

शिक्षणासाठी पातूरकडचं वावर विकलं होतं. ही गोष्ट मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी सामान उतरवत होतो तेव्हाच शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "वावर इकून पोट्टी हवेत सोडली, आता हवाई जाहाज घरातच आनून राहिला वाटते कंट्रोलर!"

इंगळेसाहेबांनी तिकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "भावकी आहे. बोलू द्या. मी वावर ठेवलं असतं तं काय पिकलं असतं भाऊ? तुमीच सांगा. मांगच्या साली कपाशी गेली, औंदा सोयाबीन पिवळं पडलं. ज्याईनं ठेवलं त्याईच्या घरी जाऊन पाहा."

पाहायची गरज नव्हती. त्या वर्षांत आमच्या भागातलं वर्तमानपत्र उघडायची भीती वाटत असे. त्यांच्या टेबलावरचा पेपर पालथा घातलेला होता.

संघमित्रा कमी बोलणारी मुलगी होती. चौकटीत बसली, पाय पेडलवर ठेवले, एकदा सगळ्या घड्याळांवरून नजर फिरवली आणि इतकी सरळ बसली की मला माझ्या खुर्चीची लाज वाटली. "प्रमोदकाका, दांडा जरा ढिला आहे," एवढंच म्हणाली. तो होताच.

पहिल्या काही दिवसांतच लक्षात आलं की मुलगी उडवणार तर बाप आराखडा करणार, अशी वाटणी झाली आहे. साइट मी शिकवली होती दोघांना, पण कीबोर्ड इंगळेसाहेबांनी पकडला तो सोडलाच नाही. निवृत्त माणसाला खिडकी परत मिळाली होती. त्यांची पहिली चूक फक्त एसटीचा माणूसच करील अशी. नागपूर-मुंबईसाठी त्यांनी टाकी फुल केली. साइट म्हणे, वजन जास्त, उतरता येणार नाही.

"कावून?" ते माझ्यावर उखडले. "डेपोतून गाडी निघाली का टाकी फुलच पाह्यजे. माझ्या हयातीत अर्ध्या टाकीवर गाडी सोडली नाही मी."

मी समजावलं, की विमानात तेल वाहून न्यायलाच तेल जळतं आणि जड विमान खाली टेकवलं तर चाकं मोडतात. म्हणून मोजूनच घ्यायचं. वाटेपुरतं, थोडं चुकीपुरतं, थोडं घिरट्यांपुरतं आणि एक वाटा पर्यायी विमानतळापर्यंतचा. जिथं जायचं तिथं धुकं असलं, वादळ असलं, तर कुठे वळायचं ते जमिनीवर असतानाच ठरवावं लागतं. वर गेल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

"हे मले पटलं," ते म्हणाले. "पुलावरून पाणी असलं का गाडी कोन्या रस्त्यानं काढाची, हे आमी आधीच ठरवत होतो."

पण पटलं म्हणजे काय पटलं ते मला पुढच्या खेपेला कळलं. चेन्नई-कोलकाता असा आराखडा होता. तेलाचा आकडा भलताच दिसत होता आणि खाली लाल अक्षरं. मी वर बघत गेलो. पर्यायी विमानतळाच्या खान्यात त्यांनी टाकलं होतं, अकोला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोल्याला विमानतळ आहे. शिवणीला. धावपट्टी छोट्या विमानांपुरती. वाढवू, वाढवू असं आमच्या लहानपणापासून ऐकतो आहोत. मोठं विमान तिथं उतरत नाही. कोलकात्याहून निघून अर्धा देश ओलांडून तिथं यायचं म्हणजे तर हद्दच झाली.

"साहेब, कोलकात्याजवळचं टाका. रांची टाका, भुवनेश्वर टाका."

"रांचीले कोन आहे तिचं?"

"तिथं कोणी असायची गरज नसते. धावपट्टी असली की झालं."

"असं कसं बापा?" ते खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "कुठंच उतरता नाई आलं तं मानूस घरीच येईन नं?"

संघमित्रा मागे उभी होती. "बाबा, अकोल्याले हे विमान उतरत नाई. पट्टी पुरत नाई. कितींदा सांगू?"

"मंग लांब करा म्हना."

आम्ही तिघंही हसलो. ती हळूच त्यांच्या खांद्यावरून वाकली, अकोला पुसलं, रांची टाकलं. पुढच्या वेळी पुन्हा अकोला. दिल्ली-श्रीनगर, अकोला. कोची-गोवा, अकोला. नंतर नंतर ते त्यांच्या घरातलं रोजचं काम झालं. बाप अकोला टाकी, मुलगी पुसून योग्य ते टाकी आणि मग उड्डाण. तेही भारनियमनाच्या वेळा सांभाळून. आमच्या हौशी वैमानिकांना खरा धोका वादळाचा नव्हताच, विजेचा होता. दिवसातून दोनदा वीज जायची आणि इन्व्हर्टर एवढा भार ओढत नसे. दुपारची वीज जायच्या आधी चाकं टेकली पाहिजेत, या हिशेबानं इंगळेसाहेब विमानं सोडत. "लवकर आटप बाई, लाइन जाईन," हे वाक्य दुसऱ्या कोणत्या विमानतळावर ऐकू येत असेल असं वाटत नाही.

अशीच वर्षं गेली. मधे भरती निघाली. संघमित्रा लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीला जाऊन आली. मी दांडा बदलायच्या निमित्तानं गेलो. तिनंच सांगितलं, अगदी बातमी वाचावी तसं. कंपनीला त्यांच्याकडच्याच जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण झालेले लोक हवे होते. ते परदेशात, स्वतःच्या खर्चानं करायचं.

"म्हणजे आणखी एक वावर पाहिजे काका," ती म्हणाली. "आमचं एकच होतं."

इंगळेसाहेब खिडकीशी उभे होते. "घर आहे," ते बाहेर बघतच म्हणाले.

"नाई."

"माझ्या एकट्याले किती जागा लागते?"

"बाबा, नाई म्हनलं नं!" तिचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मग खाली आला. "घर इकाल अन् मंग खान्यात काय टाकान?"

मी उगाच स्क्रू पिळत बसलो. दांडा केव्हाच घट्ट झाला होता.

थोड्या वेळानं तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ती तिनं महिनाभर पोटात ठेवली होती. विमान कंपन्यांच्या कचेरीत एक खातं असतं. ते लोक उडत नाहीत. बसून प्रत्येक विमानाचा आराखडा करतात. वाट, वारा, वजन, तेल, पर्यायी विमानतळ. वैमानिक सही करतो आणि निघतो. वर गेल्यावर हवा बिघडली तर त्याला खालून सांगणारे तेच. तिथं तिनं अर्ज केला होता आणि तिची निवड झाली होती. दिल्लीला हजर व्हायचं होतं.

इंगळेसाहेब तिच्याकडे वळले. चेहरा असा, की मला उठून जावंसं वाटलं.

"म्हनजे कंट्रोलर?"

"हाव."

"माझ्यासारखी?"

"तुमच्यासारखीच."

ते चौकटीतल्या आसनावर टेकले. एवढ्या वर्षांत ते त्या जागेवर कधी बसले नव्हते, ती तिची होती. "वावर इकून मी कंट्रोलरच केली तं," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. जमला नाही. "हे तं मी फुकटात शिकवलं असतं वं तुले."

धंद्यात मी गिऱ्हाइकाचं बरंच ऐकून घेतलं आहे, पण त्या दुपारचं ते वाक्य मला आजही नीट गिळता आलेलं नाही. कारण ते चूकही नव्हतं आणि खरंही नव्हतं, आणि त्या खोलीत दोन्ही सांगू शकेल असा कोणी नव्हता.

ती निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. वाटलं, सामान परत घ्यायला बोलावलं असेल. पण म्हणाली, "एक उड्डाण राह्यलं काका." नागपूरहून अकोला. छोटं, दोन आसनांचं विमान. शेजारी लोखंडी खुर्ची ओढून तिनं बापाला बसवलं आणि आराखडा स्वतः करायला घेतला. पर्यायीच्या खान्याशी आली आणि थांबली.

"बाबा, इथं काय टाकू?"

आजवर जिथं जिथं तो खाना आला तिथं इंगळेसाहेबांचं उत्तर तयार होतं. आता जायचंच अकोल्याला होतं.

"घराले पर्यायी काय टाकतात?" त्यांनी मला विचारलं.

मग तेच म्हणाले, "अमरावती टाक. हे राह्यतात तिथं."

तिनं टाकलं. तेल बसलं, वजन बसलं, एकही लाल अक्षर नाही.

नागपूर मागे पडलं. ती उंच गेलीच नाही, गावं दिसतील एवढ्यावरच विमान ठेवलं. एवढी वर्षं हे यंत्र घरात होतं, पण वऱ्हाडावरून ती दोघं कधी उडाली नव्हती. सराव नेहमी मोठ्या शहरांचा. अमरावतीवर आलो तेव्हा मी माझी गल्ली शोधली. नव्हती. त्या गेममध्ये आमच्याकडची गावं म्हणजे चार-दोन ठोकळे. रस्ता मात्र होता, रेल्वे होती आणि दोन्ही बाजूंना शेतं. चौकोनी, आखीव, क्षितिजापर्यंत हिरवीगार. बनवणाऱ्यांनी कुठल्या तरी पाणीदार देशातली शेतं उचलून आमच्या जमिनीवर अंथरली होती.

"पातूरवरून घेतो बाबा," ती म्हणाली आणि विमान डावीकडे वळवलं.

ते पुढे वाकले. पडद्याला नाक लागेल इतके. "आपलं कोनतं?"

"सगळे सारखेच दिसतात. तिथं, त्या रस्त्याच्या वळनावर असन."

बाहेर ज्येष्ठ संपत आला होता आणि पाऊस नव्हता. खिडकीतून दिसणारं कडुनिंबाचं झाड सोडलं तर गावात हिरवं काही नव्हतं. इंगळेसाहेब पडद्यावरच्या त्या वळणाकडे बघत होते. तिनं विमान कलतं धरलं आणि त्या चौकोनाभोवती एक पूर्ण घिरटी घेतली.

"कोनं पानी देलं असन याले?" ते म्हणाले. मग, आमच्यापैकी कोणालाच न सांगता, "चांगलं ठेवलं आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. वीज जायची वेळ जवळ आली होती. पण इंगळेसाहेबांनी, पहिल्यांदाच, तिला आटप म्हटलं नाही. शिवणीची पट्टी समोर आली. तिनं ते छोटं विमान असं टेकवलं, की चाकं कधी लागली कळलं नाही. इंजिन बंद केलं. वीज गेली नव्हती. पडद्यावर मोकळं मैदान होतं, माणूस नाही, काणूस नाही. इंगळेसाहेबांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बसस्टँडवरच्या त्या जुन्या, नाकातल्या आवाजात सांगितलं, "नागपूरवरून येनारी गाडी फलाटाले लागली आहे." ती दांड्यावर डोकं ठेवून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मान पडद्याकडेच ठेवली.

आता ते माझ्या पहिल्या प्रवासाचं.

भाचीच्या लग्नासाठी मुंबईला जायचं होतं आणि मुलांनी हट्टानं विमानाचं तिकीट काढलं. नागपूरहून निघालो. मी खिडकीशी, बायको मधे, कडेला पट्टा सोडवून दाखवणाऱ्या बाई. ऐन पावसाळा. मुंबईवर आलो आणि विमान गोल फिरायला लागलं. एकदा फिरलं, परत फिरलं. खाली ढगांशिवाय काही नाही. एकदा उतरायला गेलं आणि टेकायच्या आधीच गर्जना करून परत वर उठलं. माणसं ओरडली. कोणी जप सुरू केला. मागून एक जण म्हणाला, "तेल संपलं तं?" बायकोनं माझा हात पकडला. एरवी तिला माझ्या विमानविद्येचं काडीचं कौतुक नाही, पण तेव्हा मलाच विचारलं, "आता?"

"आता पर्यायी," मी म्हटलं. "सकाळीच ठरलेलं असतं. तेल मोजून ठेवलेलं असतं."

"कोनं?"

"असते एक जण."

माझा आवाज स्थिर होता याचं मलाच नवल वाटलं. थोड्याच वेळात वैमानिकानं सांगितलं, की आपण अहमदाबादला उतरत आहोत. उतरलो. लोक चिडले, लग्नं चुकली, कोणाची सभा चुकली. मी जागेवर बसूनच अकोल्याला फोन लावला. इंगळेसाहेबांना हल्ली कमी ऐकू येतं, मोठ्यानं सगळं सांगावं लागलं. आसपासचे लोक बघत होते.

"पोरीनं टाकलं असन अहमदाबाद," ते पलीकडून म्हणाले.

संघमित्रा दुसऱ्या कंपनीत होती. हे विमान तिच्या कंपनीचं नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

"किती लोकं होते भाऊ आतमधी?"

"भरलं होतं साहेब. एक जागा रिकामी नव्हती."

"सगळे उतरले?"

"सगळे."



"मंग आलं वावर कामी," ते म्हणाले.